दोरी तीच, निष्कर्ष वेगळा

वैशाख शुद्ध पंचमीला शंकराचार्यांची जयंती येते आणि तिथून दहा दिवसांनी बुद्धपौर्णिमा. या दहा दिवसांत एक वाद हमखास पेटतो. एक बाजू म्हणते, शंकराचार्यांनी बौद्धांना वादात हरवून देशाबाहेर घालवलं. दुसरी म्हणते, हरवलं कसलं? त्यांनी बौद्धांचंच तत्त्वज्ञान उचललं आणि त्यावर वेदांचा शिक्का मारला. ‘प्रच्छन्न बौद्ध’, म्हणजे छुपे बौद्ध, हे नाव त्यांना उगाच नाही पडलं. मग कोणीतरी समजूतदारपणे मध्ये पडतं: कशाला भांडता, ब्रह्म म्हणा नाहीतर शून्य म्हणा, शेवटी सगळे एकच सांगतात. मला या तिन्ही भूमिका चुकीच्या वाटतात, आणि तिसरी सर्वांत जास्त. शंकराचार्यांवर बौद्ध विचाराचं ऋण आहे, ते मोठं आहे, आणि ते स्वच्छ शब्दांत मान्य केलं पाहिजे. पण ऋणाला चोरी म्हणता येत नाही आणि ऋण आहे म्हणून दोघे एकच ठरत नाहीत. हे विचारवंत ज्या वळणावर एकमेकांपासून वेगळे होतात ते वळणच आपण बघत नाही, आणि म्हणून आपला हा वाद दरवर्षी होतो तिथेच राहतो.

पहिल्या दाव्याचा निकाल इतिहासातच लागतो. शंकराचार्यांचा काळ साधारण आठव्या शतकातला मानतात. त्याच्या आधीच, सातव्या शतकात, युआन श्वांग हा चिनी यात्रेकरू भारतभर फिरला आणि ठिकठिकाणी ओस पडलेल्या विहारांची त्याने नोंद केली. उलट नालंदा शंकराचार्यांनंतरही तीन-चारशे वर्षं नांदत होती आणि पाल राजांच्या काळात विक्रमशीलेसारखं नवं विद्यापीठ उभं राहिलं. बौद्ध धर्माचा ऱ्हास राजाश्रय, व्यापारी मार्ग, विहारांचं गावांपासून तुटणं, तुर्की स्वाऱ्या अशा अनेक कारणांनी, प्रांताप्रांतांत वेगवेगळ्या वेळी झाला. सगळं श्रेय एका संन्याशाच्या वादकौशल्याला देणारे ‘दिग्विजय’ ग्रंथ त्यांच्यानंतर कित्येक शतकांनी लिहिले गेले. यावर अधिक शाई खर्च करायला नको.

दुसरा दावा मात्र गंभीरपणे घ्यावा लागतो, कारण त्यात तथ्य आहे. तो आजच्या कोणा टीकाकाराने काढलेलाही नाही. भास्कर हा शंकराचार्यांच्या जवळच्या काळातला वेदान्तीच; मायावादाचं, म्हणजे जग माया आहे या मताचं, मूळ महायान बौद्धांत आहे, असं त्याने सरळ म्हटलं. रामानुजाचार्यांनी श्रीभाष्यात ‘वेदवादाच्या आडचे प्रच्छन्न बौद्ध’ अशी अद्वैत्यांची संभावना केली. पद्मपुराणात तर ‘मायावादमसच्छास्त्रं प्रच्छन्नं बौद्धमुच्यते’ हे वाक्य खुद्द शिवाच्या तोंडी घातलं आहे. आणि परंपरेने शंकराचार्यांच्या गुरूंचे गुरू मानलेले गौडपाद? त्यांच्या मांडूक्यकारिकांच्या चौथ्या प्रकरणाचं नाव आहे ‘अलातशान्ति’. अलात म्हणजे कोलीत. ते गरगर फिरवलं की आगीचं कडं दिसतं, जे मुळात नसतंच. ही बौद्ध ग्रंथांतली आवडती उपमा. या प्रकरणाच्या आरंभी वंदन आहे ते ‘द्विपदां वर’ अशा कोणाला तरी, आणि हे बुद्धाचं प्रसिद्ध विशेषण आहे. भाष्यात त्याचा अर्थ नारायण असा लावलेला आहे, पण तो लावावा लागला हेच बोलकं आहे. विधुशेखर भट्टाचार्य यांनी १९४३ साली या कारिकांची जी आवृत्ती काढली तिच्यात बौद्ध ग्रंथांशी असलेलं हे साम्य बारकाईने दाखवलेलं आहे. सत्याच्या दोन पातळ्यांचंही तेच. मुंडकोपनिषदात परा आणि अपरा विद्या आहेत हे खरं. पण व्यवहारात खरं आणि परमार्थतः खरं, असा भेद तर्काच्या पायावर आधी उभा केला तो बौद्ध आचार्य नागार्जुनांनी, शंकराचार्यांच्या पाच-सहा शतकं आधी.

इतकं सगळं मान्य केल्यावर चोरीचा आरोप सिद्धच झाला नाही का? इथेच मला थांबायला सांगायचं आहे, कारण खरी गोष्ट इथून सुरू होते.

अंधारात दोरी पडलेली असते, आपल्याला साप दिसतो, दिवा आणला की साप नाहीसा होतो. आपल्याकडे कीर्तनात, प्रवचनात हा दृष्टान्त अद्वैताचा म्हणून येतो. पण शंकराचार्यांच्या आधी तो ‘हस्तवालप्रकरण’ नावाच्या छोट्या बौद्ध ग्रंथात आहे. त्याचं कर्तृत्व कोणी दिङ्नागांना देतात, कोणी आर्यदेवांना. तिथे पहिल्याच श्लोकात म्हटलंय: दोरी दिसली की सापाची जाणीव पोकळ ठरते, आणि दोरीचे अवयव पाहिले की दोरीची जाणीवसुद्धा त्या सापासारखीच भ्रम ठरते. म्हणजे दिवा आणल्यावर बौद्ध थांबत नाही. तो दोरीचा पीळ सोडतो. पीळ सुटला की तंतू, तंतू सुटले की त्याहून बारीक काही. स्वतःच्या बळावर उभं असलेलं असं हाती काही लागतच नाही. नागार्जुन यालाच शून्यता म्हणतात: ‘यः प्रतीत्यसमुत्पादः शून्यतां तां प्रचक्ष्महे’. जे दुसऱ्यावर अवलंबून उपजतं तेच शून्य. आणि ही शून्यताच कोणी अंतिम वस्तू समजून कवटाळली, तर तो बरा न होणारा रोगी, असंही ते बजावतात.

शंकराचार्य त्याच दोरीपाशी उभे राहून उलटा प्रश्न विचारतात. साप खोटा ठरला तो कशाच्या आधारावर? काही टिकल्याशिवाय दुसरं काही खोटं ठरवता येईल का? सगळं उसवत गेलात, तरी उसवणारा उरतोच की. ब्रह्मसूत्रभाष्यात त्यांचं वाक्य आहे, ‘य एव हि निराकर्ता तदेव तस्य स्वरूपम्’: जो नाकारतो आहे, नाकारलं जाणारं स्वरूप त्याचंच आहे, तेव्हा त्याला ते नाकारता येणार नाही. दृष्टान्त बौद्धांचा, पातळ्यांची मांडणी बौद्धांची, आणि निष्कर्ष असा की जो कोणत्याही माध्यमिकाला, म्हणजे नागार्जुनांच्या अनुयायाला, झोप येऊ देणार नाही. ज्याने प्रतिपक्षाचं शस्त्र इतकं नीट शिकून घेतलं आणि त्याच शस्त्राने त्याच्याच मर्मावर बोट ठेवलं, त्याला चोर म्हणणं म्हणजे तत्त्वज्ञान या व्यवहाराचीच ओळख नसणं.

त्या काळच्या बौद्धांना ही ओळख पक्की होती. नालंदेचे शांतरक्षित, जे पुढे तिबेटात गेले आणि साम्ये विहाराच्या स्थापनेत ज्यांचा मोठा वाटा होता, त्यांनी ‘तत्त्वसंग्रहा’त औपनिषदिकांच्या, म्हणजे उपनिषदं मानणाऱ्या अद्वैत्यांच्या, मताची परीक्षा केली आहे. त्यांचा निर्णय असा: ‘तेषामल्पापराधं तु दर्शनं नित्यतोक्तितः’. यांच्या दर्शनाचा अपराध लहानसा आहे, ते ज्ञानाला नित्य म्हणतात एवढाच. सुमारे साडेबाराशे वर्षांपूर्वीचा एक भिक्षू आपल्या वैचारिक शत्रूविषयी इतकं नेमकं बोलतो. जवळीक कबूल, अंतर कबूल, आणि अंतर कुठे पडतं तेही एका शब्दात. आजच्या वादात असं एक तरी वाक्य ऐकू येतं का? आणि हा ग्रंथ आपल्या हाती कसा आला? मूळ संस्कृत पोथी जैनांच्या ग्रंथभांडारात जपली गेली होती. ती बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेतून १९२६ साली छापली गेली. बौद्धाने केलेलं वेदान्ताचं खंडन जैनांनी शेकडो वर्षं सांभाळलं. आपण मात्र तीन परंपरांची तीन कुंपणं घालून बसलो आहोत.

हे काही भारताचंच वैशिष्ट्य नाही. अकराव्या शतकाच्या अखेरीस इस्लामी धर्मपंडित अल् गझालींनी बगदादमध्ये तत्त्वज्ञांच्या विसंगतींवर तुटून पडणारा ग्रंथ लिहिला. त्याआधी त्यांनी त्याच तत्त्वज्ञांची मतं इतक्या प्रामाणिकपणे आणि स्पष्टपणे मांडली होती, की बाराव्या शतकात त्या मांडणीचं लॅटिन भाषांतर झालं तेव्हा युरोपातल्या विद्वानांनी त्यांनाच इब्न सीनाचा, म्हणजे त्या तत्त्वज्ञांतल्याच अग्रणीचा, अनुयायी समजून टाकलं. गझालींना उत्तर दिलं कोर्डोबाच्या इब्न रुश्दने. आणि इब्न रुश्दने ॲरिस्टॉटलवर लिहिलेली भाष्यं वाचून ख्रिस्ती धर्मशास्त्राची मोठी इमारत बांधली टॉमस अक्वायनसने. तो ॲरिस्टॉटलला नुसतं ‘तत्त्वज्ञ’ म्हणतो, इब्न रुश्दला नुसतं ‘भाष्यकार’. ज्यू पंडित मायमोनिदीसचा उल्लेख ‘रब्बी मोझेस’ असा आदराने करतो आणि जिथे पटत नाही तिथे तिघांनाही खोडून काढतो. त्याच्याही काळात ‘हे बाहेरचं विष आहे’ म्हणणारे होतेच. १२७७ मध्ये पॅरिसच्या बिशपने २१९ विधानांवर बंदी घातली, तीत टॉमसच्या विचारांना लागू पडणारी काही होती. सेहेचाळीस वर्षांनी त्याच टॉमसला चर्चने संतपद दिलं. आज कोणी कॅथलिक ‘आमच्या धर्मशास्त्रात ग्रीक, मुसलमान आणि ज्यू आहेत’ हे ऐकून चवताळत नाही. मग शंकराचार्यांच्या पानांत नागार्जुन आहेत म्हटल्यावर आपण का चवताळतो?

याला एक खरं कारण आहे, आणि ते टाळून पुढे जाणं अन्यायाचं होईल. ‘प्रभाव’ हा शब्द आपल्याकडे फार काळ सत्तेच्या तोंडून आला. १९०७ मध्ये जॉर्ज ग्रियर्सन या मोठ्या भाषापंडिताने भक्तिसंप्रदायावर नेस्टोरियन या पूर्वेकडच्या पंथातल्या ख्रिस्त्यांचं ऋण असल्याचं मांडलं. दोनच वर्षांनी बेसनगरच्या स्तंभावरचा लेख प्रकाशात आला: तक्षशिलेहून आलेला ग्रीक राजदूत हेलिओडोरस स्वतःला भागवत म्हणवतो आणि देवदेव वासुदेवाचा गरुडध्वज उभारतो, तोही ख्रिस्तजन्माच्या शंभरेक वर्षं आधी. आपल्या जुन्नरजवळच्या नाणेघाटातल्या सातवाहन लेखातही संकर्षण आणि वासुदेव आहेत. डॉ. रा. गो. भांडारकरांनी आपल्या ग्रंथात हेच लेख पुढे ठेवून वासुदेवभक्तीचं प्राचीनत्व सिद्ध केलं. पण मला भांडारकरांची पुढची पायरी जास्त मोलाची वाटते. बालकृष्णाच्या उपासनेत आभीर या गुराखी जमातीमार्फत ख्रिस्तकथेचा काही अंश आला असावा, अशी शक्यताही त्यांनी त्याच ग्रंथात मांडली. ती पुढच्या अभ्यासकांना पटली नाही, मलाही पटत नाही. पण राज्यकर्त्यांच्या दाव्याला पुराव्याने उत्तर देणारा हा माणूस स्वतःच्या दैवताबद्दलही तोच पुरावा विचारत होता. अपमानाची आठवण खरी आहे; म्हणून प्रत्येक ऋण नाकारायचं, हे त्या आठवणीचं उत्तर होत नाही.

याहून बळकट आक्षेप दुसऱ्या बाजूने येतो. ऋण मान्य करा, परंपरा एकमेकींत मिसळलेल्या आहेत असं म्हणा, हे बोलणं बलवानाला सोपं असतं; जो गिळला गेला त्याच्यासाठी ‘मिसळणं’ म्हणजे नाहीसं होणं. विष्णूचा नववा अवतार म्हणून बुद्धाला आत घेतलं, पण पुराणांनी त्याचं काम काय सांगितलं? असुरांना भुलवून वेदांपासून दूर नेणं. म्हणजे आदर देता देता उपदेश खोटा ठरवला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पाचवी नेमकी यावर आहे: बुद्ध विष्णूचा अवतार आहे हे मी मानणार नाही, तो खोटा आणि खोडसाळ प्रचार आहे. हा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो. युरोपातही असंच घडलं. बुद्धाची कथा मध्य आशियातून अरबी, जॉर्जियन, ग्रीक असा प्रवास करत पश्चिमेला पोचली, बोधिसत्त्वाचा ‘जोसाफट’ झाला आणि २७ नोव्हेंबरला त्याचा संत म्हणून सण पाळला जाऊ लागला. कोट्यवधी लोकांनी ज्याला वंदन केलं तो राजपुत्र बुद्ध आहे हे शेकडो वर्षं कोणाला ठाऊक नव्हतं, आणि त्याच्या तोंडी धर्म होता तो ख्रिस्ताचा. गोव्यात, साष्टीतली देवळं पाडली गेल्यानंतर पन्नासेक वर्षांनी, फादर स्टीफन्सने १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण छापलं. ओवी आपली, स्वर्गाला शब्द वैकुंठ. त्या ओव्यांचं सौंदर्य मी नाकारणार नाही, पण ज्यांचं वैकुंठ घेतलं त्यांना त्या व्यवहारात ‘नको’ म्हणायची मुभा नव्हती हेही तितकंच खरं.

पण या उदाहरणांत नेमकं काय वाईट झालं ते पाहा. घेतलं म्हणून वाईट झालं का? घेताना नाव पुसलं, प्रतिपाद्य पुसलं, मतभेद पुसला, हे वाईट झालं. मग त्यावरचा उपाय ऋणाचा उच्चार थांबवण्यात कसा असेल? तो मोठ्याने, नावानिशी आणि मतभेदासकट करण्यातच आहे. स्वतः बाबासाहेबांचं उदाहरण घ्या. ऑक्टोबर १९५४ मधल्या नभोवाणीवरच्या भाषणात ते म्हणाले, की स्वातंत्र्य, समता, बंधुता हे माझं तत्त्वज्ञान मी फ्रेंच राज्यक्रांतीकडून घेतलेलं नाही, ते माझे गुरू बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतलं आहे. फ्रेंचांनी बुद्धाकडून चोरलं असं ते म्हणाले नाहीत. मी कुठून घेतलं एवढंच त्यांनी सांगितलं, आणि जॉन ड्यूई या कोलंबियातल्या आपल्या गुरूचं ऋणही त्यांनी कधी लपवलं नाही.

आता ‘सगळे एकच सांगतात’ या तिसऱ्या पक्षाकडे येतो. त्यामागचा हेतू चांगला असतो. दंगलीच्या रात्री हीच भाषा बोलणाऱ्या माणसांनी शेजाऱ्यांना घरात लपवलं आहे, आणि त्यापुढे माझा युक्तिवाद फार लहान आहे. पण विचार म्हणून ही भूमिका टिकत नाही. तिचा सर्वांत थोर प्रतिनिधी दारा शुकोह. त्याने १६५७ मध्ये पन्नासेक उपनिषदं फारसीत आणली, आणि दोनच वर्षांत जीव गमावला. त्याच्या भाषांतरावरून लॅटिन झालं आणि युरोपला उपनिषदं कळली, हे उपकार विसरण्यासारखे नाहीत. तरीही त्याचं म्हणणं काय होतं? कुराणात ज्या ‘गुप्त ग्रंथा’चा उल्लेख येतो तो म्हणजे उपनिषदं. म्हणजे उपनिषदं थोर आहेत, कारण ती अखेर माझ्याच ग्रंथात सांगितलेली आहेत. सर्वांना एक करणारा माणूस ते एक कोणत्या घरात बसवतो? जवळजवळ नेहमीच स्वतःच्या. विष्णूच्या अवतारात बुद्ध बसवणारा आणि ‘ब्रह्म म्हणा नाहीतर शून्य म्हणा’ सांगणारा, दोघेही नागार्जुनांचं तोंड बंदच करतात. फरक फक्त आवाजाच्या मृदुपणाचा.

आपल्या मराठीपाशी यासाठी फार दूर जायला नको. ज्ञानेश्वरीच्या आरंभी गणेशाचं रूपक आहे, सहा दर्शनं त्याच्या सहा हातांत. तिथे ओवी येते: ‘एके हातीं दंतु । जो स्वभावता खंडितु । तो बौद्धमतसंकेतु । वार्तिकांचा ॥’ वैदिक पंडित कुमारिलांच्या वार्तिकांनी (टीकाग्रंथांनी) खंडित केलेलं बौद्धमत म्हणजे गणेशाचा तुटका दात. यात विजयाचा सूर आहे, तो मी दडवणार नाही. पण ज्या काळात महाराष्ट्रातली बौद्ध लेणी ओस पडली होती त्या काळात, १२९० मध्ये, एक तरुण कवी आपल्या आराध्याच्या मूर्तीत बौद्धमताची जागा राखून ठेवतो. खोडलेलं म्हणून, पण नाव घेऊन. त्याच ज्ञानदेवांनी अमृतानुभवात ‘ज्ञान बंध आहे’ हे वचन घेतलं तेव्हा ते शिवसूत्रांतलं आहे, हे ओवीतच नोंदवलं. त्यांच्या गुरुपरंपरेतले मत्स्येंद्र आणि गोरक्ष तर तिबेटी बौद्धांच्या चौऱ्यांशी सिद्धांच्या यादीतही सापडतात. दापोलीजवळ पन्हाळेकाजीला जा: वज्रयानी बौद्धांची लेणी, पुढे तिथेच शैव, मग नाथ. कोण कोणाचं, हे तिथल्या कातळालाच विचारावं लागेल. पण अमृतानुभवात सगळं शून्य म्हणणाऱ्यालाही ज्ञानदेव सोडत नाहीत. काहीच नाही हे जाणलं कोणी, असं विचारतात. ऋण आणि खंडन एकाच ग्रंथात सुखाने राहतात.

आणि तुकोबांचं ‘बौद्ध्य अवतार माझिया अदृष्टा । मौन मुखें निष्ठा धरियेली’? या ओळीवर एक पक्ष म्हणतो, बघा, विठ्ठल म्हणजे बुद्धच, तुम्ही बळकावला. दुसरा म्हणतो, बघा, बुद्ध आमचाच अवतार. रा. चिं. ढेऱ्यांनी विठ्ठलाच्या गवळी-धनगरी मुळापासून जैन-बौद्ध दाव्यांपर्यंत सगळं तपासून ठेवलं आहे, ते कोणी उघडत नाही. पण त्याहून वाईट म्हणजे ओळीतली तक्रार कोणाला ऐकूच येत नाही. माझ्याच नशिबी देवाने मौन धरलेला अवतार का घ्यावा, असं एक भक्त विटेवरच्या देवाला विचारतो आहे. मालकीहक्काच्या वादात तो भक्तच हरवला.

अनेक विद्यापीठांत आज वेदान्त एका विभागात शिकवला जातो आणि बौद्ध तत्त्वज्ञान दुसऱ्या. ब्रह्मसूत्रभाष्याचा तर्कपाद, म्हणजे इतर मतांचं खंडन करणारा भाग, शिकणारा विद्यार्थी, त्यात ज्यांचं खंडन आहे त्यांचा एकही ग्रंथ न वाचता पदवी घेऊ शकतो. नागार्जुनांच्या माध्यमिककारिका वाचणाऱ्यालाही शंकराचार्य चुकवता येतात. ही रचना आधी मोडायला हवी. कारण दोन्ही बाजूंकडे एकेक उत्तर थकलेलं आहे. शंकराचार्यांनी विज्ञानवाद्यांशी, म्हणजे फक्त जाणीवच खरी मानणाऱ्या बौद्धांशी, पानंच्या पानं वाद घातला, पण शून्यवाद मात्र सर्व प्रमाणांच्या विरुद्ध आहे म्हणून एका वाक्यात उडवून लावला आणि पुढे बौद्धमताला वाळूत खणलेल्या विहिरीची उपमा दिली. नागार्जुनांनी तर चोविसाव्या प्रकरणात आधीच स्पष्ट केलं होतं, की शून्यता म्हणजे अभाव नव्हे आणि तिला अभाव समजणाऱ्याला तिचं प्रयोजनच कळलेलं नाही. म्हणजे भाष्यात ज्याचं खंडन आहे तो नागार्जुनांचा पक्ष नव्हेच. तो तर्कपादातला सर्वांत दुबळा भाग आहे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि शंकराचार्यांचा अभिमान बाळगणाऱ्यांनी आधी त्याचं उत्तर द्यावं. उलट, त्यांना प्रच्छन्न बौद्ध म्हणून मोकळं होणाऱ्यांनी नाकारणाऱ्याचा तो प्रश्न घ्यावा: सगळं परस्परांवर अवलंबून आहे असं जो पाहतो, तो पाहणाराही अवलंबूनच असेल, तर हे विधान कोणाचं, आणि ते खरं ठरलं कोणापुढे?